मेलेल्यांना जागा हवी, आणि ती शहरातच हवी

मेलेल्यांनी आता मंगळावर जायचे काय, अशा अर्थाचा सवाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेला केला होता. गोवंडीकडच्या रहिवाशांची याचिका होती. देवनारचे कबरस्तान भरले आहे, पूर्व उपनगरांत नवी जागा द्या, एवढेच त्यांचे मागणे. न्यायालयाचा तो टोला सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. चर्चेतल्या तीन जागांकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहिले नाही. एक देवनारच्या जुन्या कबरस्तानाला लागून, दुसरी रफीनगरजवळ डम्पिंग ग्राउंडच्या कडेला आणि तिसरी आणिक गावात, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी.

मी ती यादी दोनदा वाचली, कारण अशा याद्या वाचण्यातच माझी सारी नोकरी सरली. मुंबईतल्या एका वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे मी बसत असे. जन्माची नोंद करायला लोक पेढे घेऊन येत, मृत्यूची करायला झेरॉक्स. त्या खिडकीत बसून कळते की माणूस गेल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न रडण्याचा नसतो. न्यायचे कुठे आणि किती वाजता, हा असतो. गिरगावातल्या माणसाला त्याचे उत्तर लगेच माहीत असते. गोवंडीतल्या माणसाला आधी फोन करून विचारावे लागते की जागा आहे का. एकाच शहरात हा फरक का पडावा, हे समजून घ्यायचे तर मुंबईने आपले मेलेले आजवर कुठे ठेवले ते पाहायला हवे.

सुरुवात किल्ल्याच्या दक्षिणेकडून करू. आज जिथे रीगल आणि कूपरेज आहे, त्या अंगाला सतराव्या शतकात कंपनीच्या इंग्रजांची दफनभूमी होती. तिथे पहिल्यांदा ज्याला पुरले त्याच्या नावावरून त्या टोकाला मेंढम्स पॉइंट म्हणत. मुंबईला आलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढतो, असे तेव्हाचे इंग्रजच म्हणत, त्यामुळे त्या जागेला गिऱ्हाईक कमी नव्हते. पुढे तटबंदी वाढली, किल्ल्यासमोर तोफांना मोकळे मैदान हवे झाले आणि १७६० च्या दशकात इंग्रजांची दफनभूमी उचलून सोनापूरला नेली. मेंढम्स पॉइंटचा आज एक दगडही जागेवर दिसत नाही.

सोनापूर म्हणजे आजच्या मरीन लाइन्स स्टेशनच्या पूर्वेची पट्टी. बॅक बेची भरणी झाली नव्हती, समुद्र आजच्या महर्षी कर्वे रोडपर्यंत येई, आणि ही पट्टी वस्तीच्या बाहेर, वाळूत होती. हिंदूंचे स्मशान, मुसलमानांचे कबरस्तान आणि ख्रिस्त्यांची दफनभूमी एकमेकांना लागून होती. पॅरिसच्या संग्रहालयासाठी हिंदुस्थानभर वनस्पती गोळा करत फिरणारा व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला, त्याला सोनापुरातच पुरले. १८८१ मध्ये त्याची हाडे उकरून पॅरिसला नेली. त्याच्या आजूबाजूला जे शिपाई, खलाशी, कारकून आणि त्यांची तान्ही मुले होती, त्यांना न्यायला कोणी आले नाही.

मग शहर सोनापूरपर्यंत येऊन पोहोचले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअर बाजाराने लोकांची डोकी फिरवली होती आणि जमिनीचा तुकडा मोकळा राहणे कोणाला पाहवत नव्हते. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. गिरगावशेजारची इंग्रजांची दफनभूमी बंद करायची ठरली आणि नवी जागा निवडली शिवडीला. तिथे आधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. त्या संस्थेने आपला पसारा भायखळ्याला हलवला होता. १८६२ मध्ये उघडलेली ती आपली राणीची बाग. शिवडीच्या रिकाम्या बागेत थडगी आली. व्हीटी स्टेशन उभे करणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० मध्ये वारले, ते तिथे आहेत. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट १९२६ मध्ये वारले, तेही तिथेच. क्रॉफर्डसाहेबांच्या नजरेत शिवडी म्हणजे शहराचे शेवटचे टोक. आज तिथूनच अटल सेतूवर गाड्या चढतात.

मेंढम्स पॉइंट, सोनापूर, शिवडी. दर वेळी मेलेल्यांना वेशीबाहेर काढायचे आणि मग शहराने त्यांच्या मागोमाग तिथेही जाऊन बसायचे. डम्पिंग ग्राउंडची कड आणि रिफायनरीची भिंत ही याच रांगेतली पुढची नावे आहेत. फरक इतकाच की मुंबईला आता वेस उरलेली नाही.

या रांगेला एकदा खीळ बसली, आणि ती बसवणारा माणूस आपला होता. सोनापूरचे हिंदूंचे स्मशानही शिवडीला हलवावे, असा सरकारचा बेत होता. नाना शंकरशेट त्याविरुद्ध उभे राहिले आणि बेत बारगळला. शाळा, रेल्वे, म्युझियम यांच्या यादीत नानांचे हे काम चटकन कोणी घेत नाही. मला ते फार मोठे वाटते. इंग्रज साहेबाची शवपेटी घोडागाडीतून शिवडीला जाऊ शकत होती. भुलेश्वर-गिरगावातल्या चाळकऱ्याने तिरडी खांद्यावर घेऊन, भर पावसात, शिवडीपर्यंत कसे जायचे? अंतर हा गरिबाचा प्रश्न असतो, हे नानांसारख्या गर्भश्रीमंत माणसाला दिसले. म्हणून सोनापूरचे ते स्मशान, म्हणजे चंदनवाडी, आजही जागेवरच आहे.

मी गिरगावात वाढले. आमच्या चाळीखालून तिरड्या जात, रस्त्यावरचा माणूस क्षणभर थांबे, चप्पल काढी, हात जोडी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. बांबू, सुतळी, मडके, पांढरे कापड विकणाऱ्या दुकानाशेजारी वह्या-पेन्सिलींचे दुकान होते आणि आम्ही दोन्हींसमोरून शाळेत जात असू. आम्हाला त्याची भीती वाटली नाही, की त्याचे अप्रूपही वाटले नाही. सरणाचा धूर कधी वाऱ्याबरोबर येई, आई खिडकी लावून घेई. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगने मुंबईची परीक्षा घेतली तेव्हाही हेच स्मशान कामाला आले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर १८९६ ला मांडवीत पहिला रोगी ओळखला. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर, म्हणजे सोनापूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्यामुळे ‘आमच्या वस्तीत स्मशान नको, कबरस्तान नको, जागेचे भाव पडतील’ असे कोणी म्हणाले की मला मलबार हिल आठवते. तिथे पारशांची डुंगरवाडी आहे. मोदी हिरजी वाच्छा यांनी १६७० च्या दशकात तिथे पहिला दखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याचा बुरूज, बांधला. त्याच टेकडीवर बाणगंगेचे स्मशान आहे आणि दशनामी गोसाव्यांच्या समाध्या आहेत, कारण गोसाव्यांना जाळत नाहीत, पुरतात. इतके सगळे मरण एका टेकडीवर असून तिथल्या फ्लॅटचे भाव उतरल्याचे मी ऐकलेले नाही. दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानाशेजारी कोणाला स्वस्तात घर मिळाले असेल तर मला जरूर कळवावे.

हे गोसाव्यांचे उदाहरण मुद्दाम दिले. दफनभूमी म्हटले की ती ‘त्यांची’ बाब, असा आपला समज असतो. लिंगायत पुरतात. नाथपंथी पुरतात. दात न आलेले मूल कोणत्याही हिंदू घरात जाळत नाहीत. नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या बाईला हे पाठच असते. म्हणून जागेचा प्रश्न एका धर्माचा मानून बाजूला सारता येत नाही.

मुंबईत जो जो आला तो आपले मेलेले ठेवायला जागा शोधत राहिला, आणि त्या जागा बारकाईने पाहिल्या तर शहराचा सगळा व्यापार त्यात सापडतो. चिंचपोकळीला बगदादी ज्यूंची दफनभूमी आहे. इलायस डेव्हिड ससून यांनी १८७८ मध्ये आपल्या जोसेफ या मुलाच्या स्मरणार्थ ती दिली. अफू आणि कापसाच्या पैशातून आलेली ती जमीन. वरळीला बेने इस्राएलींची दफनभूमी आहे. कोकणात तेल गाळत आलेला हा समाज, त्यांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी कोरलेली असते. माझगावात हसनाबादला पहिल्या आगाखानांचा मकबरा आहे. ते इराणातून आले आणि १८८१ मध्ये मुंबईत वारले. वरळीतच जपान्यांचीही एक छोटी दफनभूमी आहे. १८९३ मध्ये टाटांच्या मदतीने जपानी कंपनीची मुंबई ते जपान बोट सुरू झाली, आपला कापूस तिकडे जाऊ लागला आणि व्यापाऱ्यांच्या मागोमाग जपानी मुलीही कामाठीपुऱ्याच्या बाजारात आणल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक परत गेल्या नाहीत.

ससून असला, आगाखान असला, की जागा मिळते. ज्यांच्यात असा कोणी शेठ नाही, त्यांचे काय? त्यासाठीच कायदा आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कामे दिली आहेत. गटारे, रस्त्यांवरचे दिवे, शाळा यांच्याच यादीत मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांचे नियमन आणि नव्या जागांची तरतूद हेही आहे. ‘बंधनकारक’ या सदरात, ऐच्छिक नव्हे. न्यायालयाने २०२४ मध्ये नवे काही सांगितले नाही; १३६ वर्षांपूर्वीच्या कायद्याची आठवण करून दिली.

जागा नसली की तिच्यावरून माणसे एकमेकांच्या अंगावर जातात, हेही आपण पाहिले. ३० मार्च २०२० ला महापालिकेने परिपत्रक काढले की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचे दहनच होईल, धर्म कोणताही असो. त्याच दिवशी ते फिरवावे लागले. मग ठरावीक कबरस्तानांत दफनाला परवानगी दिली, तर वांद्र्यात काही रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २२ मे २०२० ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मृतदेहातून असा संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. त्या दिवसांत ज्यांनी आपल्या माणसाचे तोंडही न पाहता त्याला निरोप दिला, त्यांना या वाक्याची किंमत कळते.

याच शहरात जागा नाकारण्याचाही एक थोर प्रसंग घडला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले नऊ मारेकरी मेले, तेव्हा मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानाच्या विश्वस्तांनी त्यांना आपल्या मातीत घ्यायला साफ नकार दिला. प्रेते वर्षभराहून अधिक काळ जे. जे.च्या शवागारात राहिली आणि २०१० च्या जानेवारीत सरकारने ती गुपचूप कुठेतरी पुरली. ज्या कबरस्तानात नर्गिस, सुरैया आणि मेहबूब खान आहेत, तिथली माती कोणाला द्यायची याचा निवाडा त्या समाजाने केला आणि सगळ्या शहराने तो मनोमन मानला. दफनाची जमीन म्हणजे निव्वळ खड्डे नव्हेत, तिथे शहराचे आपले-परके ठरते.

आता अवघड भागाकडे येते. जागा शहरात द्यायची म्हटले तरी मुंबईत ती वाढणार किती? इथे मला माझ्या काही वारसाप्रेमी मित्रांशी भांडावे लागते. त्यांना प्रत्येक थडगे जपायचे असते. २०१० च्या सुमारास जुहूच्या कबरस्तानातल्या मधुबाला, मोहम्मद रफी, साहिर, तलत महमूद यांच्या पक्क्या कबरी नव्या दफनांसाठी काढून टाकल्याचे उघड झाले तेव्हा केवढा गहजब झाला होता. रफींचे चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात. मलाही रफी प्रिय आहेत. पण त्या दिवशी ज्या कुटुंबाला आपल्या म्हाताऱ्याला पुरायला साडेतीन हात जमीन मिळाली, त्या कुटुंबाला मी काय सांगू, की संगमरवराचा हक्क आधी?

मुंबईतल्या बहुतेक धर्मांना कायमचा दगड लागत नाही. मुसलमानांत कच्ची कबर चालते, नव्हे तीच योग्य मानतात. कॅथलिकांच्या दफनभूमीत काही काळाने कबर उघडतात, हाडे काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि त्याच खड्ड्यात दुसऱ्याला जागा होते. पारशांच्या दखम्यात श्रीमंत-गरीब सगळ्यांची हाडे शेवटी मधल्या एकाच विहिरीत जातात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपवली, औषधावर बंदी यायला २००६ उजाडले, आणि २०१५ पासून वरळीच्या पालिका स्मशानात दहन पत्करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह उभे आहे. मुंबईतली साडेतीनशे वर्षांची रीत बदलायला त्या समाजातले काही जण रडतखडत का होईना तयार झाले. दहन करणाऱ्या हिंदूंचा तर प्रश्नच नाही, तिसऱ्या दिवशी राखही पाण्यात. एस.टी.च्या सीटसारखी ही जमीन आहे: आपला स्टॉप आला की उठायचे, पुढच्याने बसायचे. रुमाल टाकून जागा अडवण्याची हौस धर्माची नव्हे, पैशाची आहे.

पण जागा सोडली म्हणजे नाव पुसावे, असे नाही. इथे मात्र मी माझ्या खात्याची जुनी बाई होते. माणूस कोण होता, कुठे राहत होता, कशाने गेला, कुठे पुरला वा जाळला, हे एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ टिकली तर खड्डा दहादा वापरला तरी बिघडत नाही. प्लेग कुठल्या गल्लीतून कुठे सरकला, कुठल्या गिरणीच्या चाळीत क्षयाने किती गेले, हे पुढच्या माणसाला दगड सांगणार नाहीत, नोंदवह्या सांगतील. दगड तर बहुतेक वेळा नोकरी, पदवी आणि बायकोचे प्रेम एवढेच सांगतात. कागदाला वाळवी लागते, तळमजल्यात पाणी शिरते, शाई उडते. म्हणून ज्या संस्थेकडे, ट्रस्टकडे, चर्चकडे, स्मशानाच्या कचेरीत जुन्या वह्या आहेत, त्या आधी स्कॅन व्हायला हव्यात. उरलेल्या थडग्यांचे लेख, मग ते मराठी असोत, हिब्रू, गुजराती, फारसी, इंग्रजी वा पोर्तुगीज, फोटो काढून उतरवून घ्यायला हवेत. इतिहास शिकवणाऱ्या महाविद्यालयांना मुलांसाठी प्रकल्प हवेच असतात. त्यांना एकेक दफनभूमी वाटून द्यावी. हे झाल्यावर जागा बिनदिक्कत पुन्हा वापरावी, आणि ती किती वर्षांनी पुन्हा उघडणार हे घरच्यांना दफनाच्या दिवशीच लेखी सांगावे. नंतर एखाद्या मुलीला बापाच्या कबरीवर दुसऱ्याचे नाव अचानक दिसू नये.

दुसरे, प्रत्येक वॉर्डात दहनाच्या आणि दफनाच्या किती जागा आहेत, वर्षाला किती पुरतात आणि किती कमी पडतात, हा तक्ता दर वर्षी जाहीर व्हावा. खाटांची संख्या विचारणारे आपण हा आकडा विचारतच नाही.

तिसरे, आणि सगळ्यात महत्त्वाचे, मोठ्या पुनर्विकासात शाळा, दवाखाना, मैदान यांच्याबरोबर अंत्यसंस्काराची जागा राखून ठेवणे सक्तीचे व्हावे. एकाच आवारात सगळ्यांची सोय करावी: इकडे दाहिनी, तिकडे कबरस्तान, पलीकडे ख्रिस्त्यांचा आणि लिंगायतांचा भाग, मध्ये झाडे. यात क्रांतिकारक काही नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी सोनापुरात लोक असेच शेजारीशेजारी होते, आणि चंदनवाडी व बडे कबरस्तान आजही एकमेकांना लागूनच आहेत. लोकल पकडताना त्यांच्या भिंतीवरून रोज लाखो नजरा जातात, कोणाचे काही बिघडत नाही.

तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा आराखडा लवकरच सोसायटीच्या बैठकीत येईल. मुंबईत तो आज ना उद्या सगळ्यांकडे येतो. बिल्डरच्या माणसाला पार्किंग, जिम आणि पोडियम गार्डन विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: आमच्यापैकी कोणी गेले तर न्यायचे कुठे? ‘ॲम्ब्युलन्सने तासाभरात पोहोचाल,’ असे उत्तर आले तर हरकत लेखी नोंदवा. नगररचना खात्याला कागदावरचीच हरकत वाचता येते. गोवंडीच्या लोकांनी ती न्यायालयात जाऊन नोंदवली. आपल्याला निदान सोसायटीच्या मिनिट्समध्ये तरी नोंदवता येईल.